वस्तरा आणि मेंदूतला ब्रेक

मी एक जुना ग्राही आहे, मित्रांनो. एका न्हाव्याच्या मेंदूत, चेतापेशीच्या पातळ आवरणात बसवलेले प्रथिनाचे छोटेसे दार. आमच्यासारखी दारे अधूनमधून बदलली जातात. जागा आणि काम मात्र जुनेच. गाबा नावाचा निरोप्या आला की मी उघडतो, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी शांत होते. गाडीला ब्रेक, तसा मेंदूला मी.

आमच्या दुकानाची एक रीत होती. सकाळची पहिली दाढी मालकाच्या, म्हणजे त्या न्हाव्याच्या, वडिलांची. तेही जुने कारागीर. "वस्तरा आधी घरच्या गालावर चालवावा," ते म्हणत. मालकाचा हात इतका स्थिर, की म्हातारा खुर्चीतच घोरायचा. मला त्याचा गर्व होता.

मग रोजची दारू सुरू झाली. दारूमुळे मी गरजेपेक्षा जास्त वेळ उघडा राहू लागलो. शेजारचे चेतवणारे ग्राही दबले. मग पेशीनेच तोल साधला: आमच्यातले काही आत ओढले, उरलेले बोथट केले, चेतवणारे वाढवले. आता दारू उतरली की हात थरथरे. घोट घेतला की थांबे. मालकाला वाटले, दारूनेच हात स्थिर राहतो. माझ्या कामाचे श्रेय बाटलीला मिळत होते. मला माझीच लाज वाटे.

एके सकाळी वस्तरा वडिलांच्या हनुवटीवर घसरला.

"अरे, दाढी करतोयस की नांगरतोयस?" ते हसले. मग त्यांना दारूचा वास आला. तुरटी स्वतःच लावत म्हणाले, "उद्याही पहिला मीच बसणार. गिऱ्हाइकाचा गाल नाही कापायचा."

मालकाने शरमेने बाटली मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी त्याचे सारे अंग कापू लागले. ब्रेक झिजलेले, चेतवणारे मोकाट. वडिलांनी त्याला दवाखान्यात नेले.

"आधी इथे यायचं ना!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली, तर जिवावर बेततं."

उपचार झाले. आम्ही हळूहळू परततो आहोत. मित्रांनो, आम्ही दिसत नाही म्हणून आम्हाला झिजवू नका. आणि कुणाचे झिजलेच, तर लपवू नका, डॉक्टरांकडे जा.

आज वडील पुन्हा खुर्चीत बसले. मालकाने वस्तऱ्याच्या हलत्या टोकाकडे पाहिले आणि तो खाली ठेवला.

"आज नाही जमणार, बाबा."

"मग साबण तरी लाव. ब्रशनं कुणी मरत नाही."

ब्रश थरथरत फिरला. थोडा फेस नाकात गेला. म्हातारा शिंकला, आणि हनुवटी पुन्हा वर करून बसला.