अण्णांचं लोखंड

चढाच्या शेवटच्या वळणावर पिकअपनं पुन्हा मान टाकली. अण्णांच्या धाकट्यानं, त्यांच्या लहान मुलानं, पहिला गिअर टाकला आणि पाय पार तळापर्यंत रोवला. इंजिन बोंबलत होतं, गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. मागे हॉर्न सुरू झाले. रस्ता एवढा अरुंद की कुणाला पुढे जाऊ द्यायचं म्हटलं तरी जागा नाही. त्यानं आरशाकडे पाहायचं टाळलं.

टेकडीवरच्या रुग्णालयाला पिण्याच्या पाण्याचे कॅन पोचवायचे, हे त्याचं काम. घर या कामावरच चालायचं. कॅन उतरवून होईपर्यंत मॅनेजर दारात येऊन उभा राहिला होता.

"पाण्याबद्दल तक्रार नाही," तो म्हणाला. "पण आज तुमच्यामागे आमची रुग्णवाहिका अडकली होती. आत पेशंट होता. सोमवारपासून गाडी नीट चढणार असेल तरच या. नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरा माणूस बघतो."

"चढेल साहेब."

"हे तुम्ही मागच्या महिन्यातही म्हणाला होतात."

म्हणाला होता खरा. आणि नुसता म्हणून गप्प बसला नव्हता. गाडी जुनी असली तरी कार्बुरेटरच्या जमान्यातली नव्हती, इंजेक्टरवाली होती. ताकद वाढवायला वाव आहे, असं ट्यूनरनं सांगितलं होतं. ट्यूनर म्हणजे त्याचा शाळेतला मित्र. हल्ली गाड्यांना लॅपटॉप जोडून बसायचा. आधी इंजेक्टर धुऊन घेतले. मग हवा मोकळी खेचणारा फिल्टर बसवला. मग रुंद नळीचा सायलेन्सर. गाडीचा आवाज असा झाला की गल्लीतली तान्ही मुलं दचकून उठायची, आणि चढावर मात्र येरे माझ्या मागल्या. शेवटी ट्यूनरनं इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलली. दोन दिवस गाडी पळाल्यासारखी वाटली. तिसऱ्या दिवशी तेच वळण, तेच हॉर्न.

रुग्णालयातून तो थेट ट्यूनरकडे गेला.

"तुझं काम फुकट गेलं," तो म्हणाला.

ट्यूनरनं तार जोडली, आकडे पाहिले आणि भुवया वर केल्या. "इंजिन पाहिजे तेवढी ताकद देतंय. थोडी जास्तच. तू भरतोस तरी काय त्यात, शिसं?"

"पाणी. कॅन मोजून भरतो."

"मग रिकामी गाडी काट्यावर घालून ये. खऱ्या वजनावर बघू काही जमतं का."

वजनकाट्यावरच्या माणसानं खिडकीतून हात हलवला. "माल उतरवून आणा. रिकाम्या गाडीचं वजन पाहिजे ना?"

"रिकामीच आहे."

माणूस बाहेर आला, हौद्यात डोकावला, परत आत जाऊन आकडा पाहिला. "मग तुमची गाडी दुसऱ्या एखाद्या गाडीला पोटात घेऊन फिरतेय," तो म्हणाला.

धाकटा खाली उतरला आणि वाकला. गेली कित्येक वर्षं रोज धूत असलेली गाडी त्यानं तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली.

अण्णा, म्हणजे त्याचे वडील, वेल्डर. शेड घराला लागून, त्यामुळे पिकअप रोज त्यांच्या डोळ्यांसमोर उभी असायची आणि त्यांचा हात शिवशिवायचा. हौद्याचा पत्रा वाजतोय म्हणून त्यावर जाड पत्रा. त्या पत्र्याला आधार म्हणून खाली लोखंडी अँगल. अँगलचं वजन येतंय म्हणून स्प्रिंगला वाढीव पाती. हौद्याचा मागचा फाळका वाकला, तर नवा असा केला की उघडायला दोन माणसं लागावीत. नवा सायलेन्सर आला त्या संध्याकाळीच त्यांनी त्याला लोखंडी जाळी बसवली होती, दगड लागू नये म्हणून. थोरला मुलगा लांब नोकरीला गेल्यापासून अण्णांचं सगळं प्रेम या एका गाडीवर आणि एका मुलावर एकवटलं होतं, आणि दोघांचाही जीव मेटाकुटीला आला होता.

घरी आल्यावर त्यानं काट्याची पावती अण्णांपुढे धरली.

"काय आहे हे?"

"तुमचं लोखंड. मी इंजिनाला ताकद घालतोय आणि तुम्ही मागून ती खाताय."

अण्णांनी चष्मा वर ढकलला. "कंपनीचा पत्रा कागदासारखा होता. मी नसतो तर कॅन रस्त्यावर सांडले असते."

"एकदा तरी सांडलेत?"

"मी आहे म्हणून नाही सांडले."

या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं, आणि ती भिंतही यांनीच अँगल लावून पक्की केलेली. धाकट्यानं लोखंड कापायचा ग्राइंडर उचलला.

"कापणार तू?"

"सोमवारी रुग्णालयाचं काम जातंय अण्णा. तुमच्या लोखंडामागे रुग्णवाहिका अडकली होती."

अण्णा आत निघून गेले. ठिणग्या उडायला लागल्या. पहिला अँगल सहज निघाला. दुसऱ्यापाशी धाकटा अडला. एकाच रंगाखाली सगळं एकजीव झालं होतं. कंपनीचं कुठलं आणि बापाचं कुठलं, कळेना. चुकून गाडीचा कणाच कापला गेला असता. त्यानं बटण बंद केलं, कपाळाचा घाम पुसला आणि मनातल्या मनात एक शिवी घातली. कुणाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"बाहेर या," तो दाराकडे पाहून म्हणाला. "मला ओळखू येत नाहीये."

आतून धाकट्याच्या बायकोचा आवाज आला, "अण्णा, जा ना. नाहीतर तो गाडी अर्धी करून ठेवेल."

अण्णा खडू घेऊन आले. गाडीखाली आडवे झाले आणि एकेका तुकड्यावर फुली मारत गेले. "हा माझा. हा माझा. याला हात लावू नकोस, हा कंपनीचा." मध्येच एका जोडावर त्यांनी अंगठा फिरवला. "बघ हा टाका. सोन्याच्या दागिन्यालाही असा पडत नाही."

"फुली मारा."

त्यांनी मारली.

सोमवारी सकाळी कॅन भरून झाल्यावर अण्णा न विचारता शेजारच्या सीटवर येऊन बसले. धाकट्यानं त्यांना उतरा म्हटलं नाही. शेडच्या कोपऱ्यात कापलेल्या लोखंडाचा ढीग पडला होता. तिकडे दोघांनीही पाहिलं नाही.

चढ लागला. तिसऱ्याचा दुसरा गिअर झाला, आणि दुसऱ्यावरच गाडी टिकली. इंजिन ओढत होतं, बोंबलत नव्हतं. मागे हौद्याचा पातळ पत्रा मात्र टपरीवरच्या टिनासारखा वाजत होता. शेवटचं वळण दिसू लागलं तशी धाकट्याची स्टिअरिंगवरची मूठ घट्ट झाली.

"मी पण उतरू का?" अण्णा खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "तेवढंच वजन कमी."

"गप्प बसा ना जरा."

वळण पार झालं. गाडी थांबली नाही, पहिला गिअर लागला नाही, मागे कुणी हॉर्न वाजवला नाही. रुग्णालयाचं फाटक दिसेपर्यंत अण्णा तो खडखडाट ऐकत बसले होते.

"एक पट्टी," ते हळूच म्हणाले. "छोटीशी. नुसता आवाज थांबायला."

"वाजू द्या, अण्णा."