पाव फेऱ्याचं काम

मित्रांनो, मी एक जुना पितळी व्हॉल्व्ह आहे आणि मी रागावलेला आहे. माझी कहाणी गोड लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कारागंडा या कडक थंडीच्या खाणशहरात विटांची एक चौमजली इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरला मी जोडलेला आहे. एका ओतशाळेत वितळलेल्या पितळेच्या लाल रसातून माझा जन्म झाला. कानशीने घासून मला असं चकचकीत केलं होतं, की कामगार माझ्यात बघून टोपी सरळ करायचे. बॉयलरघरातून येणारं कढत पाणी रेडिएटरमध्ये किती सोडायचं, हे ठरवणं माझं काम. बाहेर उणे तीस अंश थंडी पडायची, खिडकीच्या काचेवर बर्फाची जाळी धरायची आणि आत लोक बनियनवर चहा प्यायचे. खाणीतून दमून आलेले केंझेबेक आजोबा पाठ शेकत म्हणायचे, "हा आहे तोवर मला शेकोटी नको." ते ऐकून माझी छाती फुगायची.

आजोबा गेले. घर मुलाकडे, गालिमजानकडे आलं. टॅक्सीच्या कचेरीत दिवसभर फोनवर बोलणारा हा माणूस! घरीसुद्धा त्याचं तोंड चालायचं, हात मात्र चालायचे नाहीत. त्याने मला तीन वेळा पांढरा रंग फासला. रंगाखाली माझी मूठ घट्ट बसली. मुठीखालच्या दांडीभोवती पाणी अडवायला गुंडाळलेला जवसाचा धागा म्हातारा झाला, वाळला आणि एके दिवशी तिथून पाणी झिरपू लागलं. एक थेंब. मग दुसरा.

गालिमजानने माझ्या गळ्यात फडकं बांधलं, खाली वाडगा ठेवला आणि हात झटकले.

खालच्या मजल्यावर एम्मामावशी राहायची. वय एकाहत्तर, गुडघा अधू. जर्मन घराण्यातली ही बाई तीस वर्षं बॉयलरघरात पाईप जोडायचं काम करून निवृत्त झाली होती. छतावर पिवळा डाग दिसताच ती काठी टेकत वर आली. माझ्याकडे नुसतं पाहूनच तिने ओळखलं.

"गालिमजान, बाळा, दांडीखालचा तो नट पाव फेरा आवळ. उजवीकडे. तरी थांबलं नाही तर कळव, आपण नवा धागा भरू. तासाभराचं काम आहे."

"मावशी, तुम्ही आता आराम करा. हे पुरुषांचं काम आहे, बघतो मी," तो फोनवरून नजर न उचलता म्हणाला.

मित्रांनो, तीस वर्षं या बाईने अख्खं शहर ऊबदार ठेवलं आणि हा तिला आराम करायला सांगत होता! तोंड असतं तर मी थुंकलोच असतो. एका अर्थी थुंकतच होतो म्हणा.

महिनाभर तो "बघतो" म्हणत राहिला. त्याची बायको रौझा म्हणाली, "अहो, वाडगा दिवसातून चारदा ओतते मी. लाज वाटते मला मावशींसमोर."

"गळका व्हॉल्व्ह आहे, फुटलेलं धरण नाही," तो म्हणाला.

मग एका रविवारी सकाळी दार धाडधाड वाजलं. एम्मामावशी हातात परात घेऊन उभी होती. परातीतल्या मळलेल्या कणकेत ओला, पिवळा पोपडा रुतला होता.

"हे माझं छत," ती म्हणाली. "नातवंडांच्या पावात पडलंय. खा आता! तुझ्या दाराशी ठेवून जाते."

गालिमजान ओशाळला. ओशाळलेल्या माणसाला राग लवकर येतो. हातभर लांब पाना आणून तो माझ्यावर तुटून पडला. परात घेऊन मागोमाग आत आलेली मावशी ओरडली, "अरे, उजवीकडे! उजवीकडे फिरव!" पण शहाण्याने ऐकायचं कशाला? त्याने जोर लावून नट डावीकडे फिरवला. रंगाचे तीन थर तडकले, नट निखळला, धागा उडाला आणि कढत पाण्याची धार थेट त्याच्या मनगटावर बसली.

तो किंचाळत मागे कोसळला. मावशीने परात टाकली, पलंगावरची जाड गोधडी ओढून माझ्यावर दाबली आणि रौझाला म्हणाली, "हे धर, सोडू नकोस!" मग अधू गुडघ्याने जिना उतरत ती तळघरात गेली आणि आमच्या ओळीच्या सगळ्या मजल्यांना कढत पाणी पुरवणारा उभा पाईप तिने बंद केला.

धार थांबली. त्याबरोबर चारही मजल्यांवरची ऊबही थांबली. बाहेर उणे बत्तीस होतं. वर, तिसऱ्या मजल्यावर, वीस दिवसांचं बाळ होतं. त्याची आई त्याला छातीशी गुंडाळून जिन्यात आली. "कोणी बंद केलं? माझं लेकरू गारठतंय!"

गालिमजानने वाजणारा फोन बंद करून टाकला. आयुष्यात पहिल्यांदाच.

मावशीने वर येऊन गालिमजानला भाजलेल्या मनगटाला थंड पाणी लावायला सांगितलं, फडकं बांधलं आणि धाग्याची गुंडी त्याच्या दुसऱ्या हातात दिली. "मी सांगते. भरणार तू. दांडीला घट्ट गुंडाळ. असं नाही, नीट! रागाने नाही, धीराने."

दोन तास तो माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. खरवडून त्याने माझा रंग काढला, धागा भरला, नट बसवला आणि शेवटी पाव फेरा आवळला. उजवीकडे.

"मावशी, पाणी सोडू?"

"अजून नाही. आधी प्रत्येक दारावर जा आणि गारठा का पडला ते सांग. बाळाच्या घरापासून सुरुवात कर."

"मावशी..."

"जा म्हणते ना."

तो गेला. मित्रांनो, रिकाम्या पाईपमधून वरचे आवाज फार स्पष्ट ऐकू येतात. तिसऱ्या मजल्यावर एका बाईचा चढा आवाज आणि मग त्याचा पडलेला स्वर: "चूक माझी होती. मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." मग चौथ्या मजल्यावर तेच. मग मावशीने तळघरातून पाणी सोडलं, मी एक थेंबही गाळला नाही, आणि तो तिच्या मागोमाग खाली तिच्या घरात गेला.  तिथून बराच वेळ, तो छताचा ओला चुना पत्र्याने खरवडत असल्याचा आवाज येत होता.

मित्रांनो, मला कौतुक नको, नवा रंग तर नकोच नको. एवढंच करा. ज्याला काम कळतं त्याने "आता आवळ" म्हटलं, की त्याच दिवशी आवळा. ती एखादी म्हातारी बाई असली, तर जरा लवकरच.