मीटर नवा, बैठक तीच

मी बोलतेय खरी, पण सायकलकडे पाहिलंत तर तुम्हाला मी दिसणार नाही. दिसतो तो मीटर. वेग दाखवणारा, अंतर दाखवणारा, हँडलवर ऐटीत बसलेला. तो ज्यावर बसतो ती काळ्या प्लास्टिकची बैठक म्हणजे मी. माझ्यातून एक वायर निघते, खाली उतरते आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर बांधलेल्या एका डबीपर्यंत जाते. ती वायर मीच, ती डबीही मीच. चाकाच्या एका आऱ्यावर छोटंसं लोहचुंबक लावलंय. चाक फिरलं की ते डबीजवळून जातं, मला एक टिचकी बसते आणि ती मी वर पोचवते. मीटर नुसती बेरीज करतो. काम माझं, कौतुक त्याचं. चालायचंच.

मला बसवलं एलिबेर्तोनं. माणूस मोठा हौशी. घरच्या गायींच्या दुधाचं चीज करायचा, आठवडाभर ते विकायचा आणि रविवार उजाडला की सायकल काढून घाट चढायचा. वर खिंडीत वाटसरूंना सांभाळणाऱ्या कार्मेनमातेचं छोटं देऊळ आहे. ट्रकवाले आपल्या गाड्यांचे जुने दिवे तिच्या पायाशी आणून ठेवतात. तिथं तो टोपी काढायचा, पाणी प्यायचा आणि उतरून सरळ बेकरीत शिरायचा. आजवर एकूण किती किलोमीटर झाले ते तो सगळ्यांना मोठ्यानं सांगायचा. गावाला तो आकडा पाठ होता.

"बायकोपेक्षा मीटरशीच जास्त बोलतोस तू," एकदा कुणीतरी म्हणालं.

"मीटर उलट उत्तर देत नाही ना," एलिबेर्तो म्हणाला, आणि सगळी बेकरी हसली.

अशाच एका रविवारी, निलगिरीची झाडं मागे टाकून आम्ही उभ्या चढाच्या वळणावर आलो होतो. एलिबेर्तोचा हात हँडलवरून सुटला आणि माझ्यावर येऊन पडला. ऊनऊन, जड हात. मग आम्ही सगळेच आडवे झालो. त्याचं हृदय थांबलं होतं. मीटर दगडावर आपटला, त्याची काच तडकली. माझ्यावर एक ओरखडासुद्धा नीट उमटला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आमच्या डोंगरात अशी समजूत आहे की गेलेला माणूस लगेच जात नाही. जन्मभर जिथं जिथं पाऊल टाकलं, तिथं तिथं जाऊन तो आपली पावलं वेचतो. सगळी वेचून झाली की सुटतो. म्हणून रोसाल्बानं, एलिबेर्तोच्या बायकोनं, नऊ दिवस जपमाळ ओढली, त्याच्यासाठी पाण्याचा पेला भरून ठेवला आणि त्याचे बूट जाळून टाकले. त्याच्या बुटांनी दुसऱ्या कुणी पाऊल टाकलं तर तेही त्या बिचाऱ्यालाच वेचावं लागेल, असं तिचं म्हणणं. बूट सगळ्यांना आठवले. सायकल कुणालाच आठवली नाही.

काही महिन्यांनी त्यांच्या मुलीनं, नीदियानं, सायकल माळ्यावरून खाली काढली आणि तेओफिलोच्या दुकानात नेली. तेओफिलो म्हणजे गावचा सायकलवाला, एलिबेर्तोचा जुना दोस्त. त्यानं फुटका मीटर माझ्यावरून सरकवून काढला. माझ्या पितळी टोकांवर गंज धरला होता, तो खरवडला आणि फडक्यानं मला पुसलं.

"बैठक ठणठणीत आहे," तो म्हणाला. "वायर, डबी, सगळं चालेल. त्याच कंपनीचा नवा मीटर यावर चपखल बसतो. उगाच सगळं कशाला बदलायचं?"

"नकाच बदलू काका. पपांच्या हातचं आहे ते."

"बरं, आकडा कुठून लावू? शून्यापासून की म्हाताऱ्याचा घालू पुढे?"

"पपांचाच घाला. त्यांचं राहिलंय ते मी पुढे नेते."

तेओफिलोनं बटणं दाबून तो आकडा घातला. त्याला तो विचारावा लागला नाही. डोळे पुसत म्हणाला, "नाव काढलंस पोरी बापाचं." मलाही तेव्हा भरून आलं होतं. किती शहाणे होतो आम्ही सगळे!

पहिल्याच रविवारी धुकं उतरलं होतं. नीदिया घाटाला लागली. लोहचुंबक माझ्याजवळून गेलं, टिचकी बसली. ती वर पोचवते न पोचवते तोच दुसरी बसली. आऱ्यावर लोहचुंबक एकच होतं. ही दुसरी टिचकी गार होती आणि तिच्या वेळी डबीजवळून काहीच जात नव्हतं. चाकाचा एक फेरा, टिचक्या दोन. मी काय करणार? माझा धर्म पोचवण्याचा, मी पोचवल्या.

मीटर दुप्पट अंतर दाखवू लागला. तेओफिलोनं डबी जरा खाली सरकवली. "लोहचुंबक फार जवळून जात असेल," म्हणाला. मग लोहचुंबक फिरवून पाहिलं, डबीच्या पट्ट्या नव्यानं आवळल्या. काही फरक पडला नाही. तिसऱ्या खेपेला त्यानं माझ्याकडे बघून छातीवर क्रुसाची खूण केली आणि हात धुऊन आला.

मग एका दुपारी ते रोसाल्बाच्या नजरेस पडलं. सायकल स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवलेली होती, चाक जागच्या जागी. रोसाल्बा बटाटे सोलत बसली होती, नीदिया चुलीवर गुळाचं पाणी उकळत होती. मला टिचक्या बसू लागल्या. मीटर जागा झाला.

रोसाल्बानं सुरी खाली ठेवली आणि जवळ आली. तिला आकड्यांतलं फारसं कळत नव्हतं, पण तीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून तोच घाट ऐकला होता.

"हा पूल," ती हळूच म्हणाली. वेगाचा आकडा घसरला. "आता निलगिरी लागली. बघ, इथं त्यांना नेहमी दम लागायचा."

"आई, मीटर बिघडलाय."

"गप्प बस. चढ आला बघ."

वेग खाली खाली येत गेला आणि तो जिथं पडला होता त्या वळणाशी शून्यावर थांबला. स्वयंपाकघरात गुळाचं पाणी उतू जात होतं, ते कुणी उतरवलं नाही. मग पुन्हा पहिली टिचकी बसली, पायथ्यापासून.

रोसाल्बा चाकापाशी जमिनीवर बसली. "मी त्यांचे बूट जाळले," ती म्हणाली, "आणि तू त्यांची सायकल चालवतेयस. त्यांच्याच आकड्यात भर घालतेयस. ते वेचताहेत आणि तू दर रविवारी नवं सांडतेयस. कसे सुटतील गं ते?"

नीदियानं उतू गेलेलं पातेलं चुलीवरून उतरवलं. मग म्हणाली, "मला वाटलं, माझ्या सोबतीला येतात."

पुढच्या रविवारी दोघी पायी खिंडीत गेल्या, सायकल ढकलत. कार्मेनमातेपुढे, त्या फुटक्या दिव्यांच्या ढिगाशेजारी नीदियानं मीटरचं बटण दाबून धरलं. एलिबेर्तोचा आकडा गेला, शून्य आलं. रोसाल्बा खूप रडली. येताना बेकरीत थांबून तिनं कितीतरी दिवसांनी पोटभर खाल्लं. त्या रात्री घर शांत झोपलं.

मी झोपले नाही, कारण मला ठाऊक होतं. आकडा मीटरमध्ये होता, पुसला गेला. पण एलिबेर्तोचा एकेक फेरा गेला होता माझ्यातून. मीटर बदलला, मी तीच राहिले. त्याची वाट माझ्यापाशी येऊन संपते आणि माझ्यापासूनच सुरू होते. हे दुकानात कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि त्यांना ऐकू जाईल असं तोंड मला नाही.

तो अजूनही येतो, हे नीदियाला ठाऊक आहे. तिनं आईला सांगितलेलं नाही. घरी आली की ती मीटर काढून खिशात ठेवते, म्हणजे रोसाल्बाला काही दिसायला नको. भिंतीपाशी मी रिकामी असते आणि टिचक्या येत राहतात. कुणाला पोचवू? मग त्या माझ्यातच साचतात.

रविवारी घाटात ती मीटर पुन्हा बसवते, माझ्यावर बोट ठेवते आणि विचारते, "आलात, पपा?"

तिचं प्रेम मला दिसतं. बाप गेल्यावर त्याचा हात आणखी थोडा वेळ धरून ठेवावा असं कुणाला वाटणार नाही? पण तिला फक्त आकडा दिसतो, टिचकी मला बसते. पहिल्या दिवसांत तो जोरात यायचा. आता एक टिचकी येते आणि दुसरी येईपर्यंत मला भीती वाटते. चढावर तर तो अगदी थांबत थांबत येतो. तो सोबत करायला येत नाही हो, त्याला यावं लागतं. तो दमलाय.

म्हणून ही विनवणी. तुमच्यापैकी कुणी त्या घाटानं गेलं आणि झाडाला टेकवलेली आमची निळी सायकल दिसली, तर मीटरला हात लावू नका, त्याचा काही दोष नाही. चिमट्यावरच्या पट्ट्या कापा, वायर सोडवा, आणि मला त्या देवळात दिव्यांच्या ढिगात टाकून द्या. मी मोडलेली नाही, आणखी वीस वर्षं चालेन. तेच तर वाईट आहे.

परवाच्या रविवारी नीदिया उभ्या चढाच्या वळणावर उतरली. पाय टेकून, चाक थांबवून, धुक्यात मागे बघत राहिली. मीटरवर काहीच नव्हतं. मला वाटलं, संपलं. सुटला बिचारा. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

नीदिया वाकली आणि माझ्या अगदी जवळ तोंड आणून म्हणाली, "सावकाश या, पपा. मी थांबलेय."

आणि त्यानं पुन्हा पेडल मारलं.