शेपटाचं घड्याळ

रंगीत डोंगरांच्या सहलीत दोन वाटाडे असतात. एक सगळ्यांच्या पुढे चालतो, वाट दाखवतो आणि फोटोत येतो. दुसरा सगळ्यांच्या मागे. जो सर्वांत हळू, त्याच्या मागे दोन पावलं चालायचं, एवढंच त्याचं काम. आपली गोष्ट ह्या दुसऱ्याची. अकरा वर्षं मागे चालून चालून त्याचं नावच शेपूट पडलं होतं. चारचौघांत बायकोसुद्धा तसंच म्हणायची, तिथे बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

पुढे चालायचा तो त्याचा मेव्हणा. सहलीही मेव्हण्याच्याच, नियमही त्याचेच. वरच्या खिंडीतून तळं दिसतं, तीन रंगांचं पाणी आणि मागे पट्ट्यापट्ट्यांचा डोंगर. खिंडीच्या अलीकडे चाळीस मिनिटांवर दगडांची एक रास आहे. साडेअकराच्या आत जो राशीपाशी पोचला नाही, त्यानं तिथूनच मागे फिरायचं. दुपारी वर वारा सुटतो, ढग उतरतात, आणि विरळ हवेत दमलेल्या माणसाचं डोकं चालेनासं होतं. फिरणाऱ्याबरोबर शेपूट फिरतो. आणि प्रत्येक सहलीत कुणी ना कुणी फिरतंच.

त्यामुळे अकरा वर्षांत शेपटानं ते तळं एकदाही पाहिलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी जाऊन बघायचं की, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. आठवड्याचे पाच दिवस डोंगर चढणारा माणूस सहाव्या दिवशी पाय वर करून झोपतो. तळं काय पळून जातंय, असं म्हणता म्हणता वर्षं निघून जातात.

तळं पळालं नाही, गुडघे गेले. डॉक्टरनं आडपडदा न ठेवता सांगितलं, की आता चढ बंद. उद्यापासून मेव्हण्याच्या गोदामात बसून पाहुण्यांना मापाचे बूट काढून द्यायचे. आजची फेरी शेवटची. घरून निघताना बायको म्हणाली होती, "ह्या खेपेला तरी बघून या." तो नुसता हसला होता, पण तिचं बोलणं त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

आता त्याच्या घड्याळाचं सांगायला हवं. राशीपाशी आलेला माणूस सुखासुखी परतत नाही. पाचच मिनिटं द्या म्हणतो, हातापाया पडतो, कुणी कुणी तर ओरडतो. म्हणून शेपूट आपलं मनगटी घड्याळ वीस मिनिटं पुढे ठेवायचा. समोर धरायचं आणि म्हणायचं, बघा, किती उशीर झालाय. वाद तिथेच मिटायचा. मेव्हण्याला हे ठाऊक होतं, तो कानाडोळा करायचा. त्या वीस मिनिटांमुळे किती माणसं धडधाकट घरी गेली असतील कोण जाणे. जाताना त्यांनी शेपटाला मनातल्या मनात शिव्याच घातल्या असणार.

आज सकाळी तंबूत बूट चढवण्याआधी त्यानं घड्याळाची चावी ओढली आणि काटे उलटे फिरवले. खऱ्या वेळेवर थांबला असता तर काही बोलायला जागा नव्हती. तो थांबला नाही. काटे आणखी वीस मिनिटं मागे नेले आणि चावी दाबून टाकली. कुणी रेंगाळलंच तर तेवढी मिनिटं हाताशी असावीत म्हणून. आपण काय करतोय हे त्याला नीट कळत होतं.

पाहुणे नऊ होते. आठ तरणेताठे, सकाळी सहाला निघाले ते साडेसहाला दिसेनासे झाले. नववी मावशी, अडुसष्ट वर्षांची. तिनं पस्तीस वर्षं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवलं होतं आणि गेल्याच महिन्यात बंद केलं होतं. मुलगा आणि सून त्या आठांत होते. सून मागे थांबायला तयार होती, मावशीनंच तिला पुढे पिटाळलं.

"मागे कुणी चालत असलं की मला चोरी केल्यासारखं वाटतं," मावशी म्हणाली.

"मग पुढे जाऊ?"

"नको. पडले तर झेलणार कोण?"

थोडं चालून ती थांबली. "पस्तीस वर्षं भिंग लावून तांदळाएवढ्या चाकांकडे बघितलं. आता एकदा लांबचं काहीतरी बघायचंय."

मलाही, असं शेपटाच्या अगदी ओठांवर आलं होतं.

दहाच्या सुमारास मावशी दर वीस पावलांनी थांबायला लागली. त्यानं विचारलं, "डोकं दुखतंय का?"

"छे."

हे असलं 'छे' त्यानं शेकड्यांनी ऐकलं होतं. एरवी त्यानं दुसऱ्यांदा विचारलं असतं, तिसऱ्यांदा विचारलं असतं, डोळ्यांत बघितलं असतं. आज त्यानं एकदाच विचारलं आणि ते उत्तर खरं मानून घेतलं.

राशीपाशी पोचले तेव्हा त्याच्या घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. म्हणजे खरे पावणेबारा. त्यानं मनगट पुढे केलं. "पाच मिनिटं आधीच आलो, मावशी."

मावशीनं घड्याळाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, बरं म्हणाली आणि दगडावर बसली. तिच्या उजव्या बुटाची नाडी सुटली होती. ती बांधायला वाकली. एक टोक हातात आलं, दुसरं सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदा तिची बोटं नाडीच्या शेजारी, नुसत्या हवेतच चिमटी घेत राहिली.

काल संध्याकाळी चहाच्या वेळी ह्याच बाईनं सुनेच्या चष्म्याचा दिसेल न दिसेल एवढा स्क्रू नखानं बसवून दिला होता. वरून, खिंडीतून, हसण्याचे आवाज येत होते. चाळीस मिनिटं. ढग अजून लांब होता.

तो खाली बसला. दुखऱ्या गुडघ्यावर बसला आणि तिची नाडी दुहेरी गाठ मारून बांधली. वर न बघताच म्हणाला, "मावशी, आपण फिरू."

"का? तुमच्या घड्याळात अजून वेळ आहे."

"घड्याळ मागे आहे. वीस मिनिटं. मीच केलंय."

"ठाऊक आहे मला."

त्यानं मान वर केली. मावशीनं बाही सारून स्वतःचं घड्याळ दाखवलं. "काल चहाला तुमचं वीस मिनिटं पुढे होतं, आज तेवढंच मागे. बिघडलेलं घड्याळ एक तर पुढे जातं नाहीतर मागे पडतं, एका रात्रीत दोन्ही करत नाही. म्हटलं, ह्या माणसालाच कुठेतरी पोचायचं असणार."

"मग बोलला का नाहीत?"

"मलाही पोचायचं होतं. डोकं सकाळपासून फुटतंय." ती शब्द शोधत, जडपणे बोलत होती. "आपण दोघंही सारखेच लबाड."

त्यानं वॉकीटॉकीवर मेव्हण्याला कळवलं, "आम्ही राशीवरून फिरतोय." खरखरीतून मेव्हण्याचा आवाज आला.

"अरे, आज तरी..."

"फिरतोय," शेपूट म्हणाला आणि त्यानं बटण सोडलं.

उतारावर तो पुढे चालला आणि मावशी त्याचा खांदा धरून मागे. तासाभरानं तिचे ओठ पुन्हा लाल दिसायला लागले, पावलं सरळ पडायला लागली. मग तिनं विचारलं, "कसं आहे हो ते तळं?"

फिरलेल्या पाहुण्यांना सांगायला त्याच्याकडे वर्णन तयारच असायचं. त्यानं सुरू केलं. काठाला हळदीसारखं पिवळं, मग मोरपंखी, मधे वांग्याच्या सालीसारखं जांभळं. इथवर आला आणि थांबला.

"मी बघितलेलं नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही. हे सगळं फोटोतलं आणि मेव्हण्याच्या तोंडचं. आज शेवटची खेप होती माझी."

खांद्यावरचा हात तसाच राहिला.

"जांभळ्यापर्यंत आला होतात," मावशी म्हणाली. "पुढे सांगा."

आणि त्यानं पुढे सांगितलं. मागच्या डोंगराचे पट्टेही एकेक करून, खालपासून वरपर्यंत सांगितले.

खाली तंबूंपाशी पोचल्यावर पाणी पिऊन, घटकाभर पडून मावशी उठून बसली आणि तिनं हात पुढे केला. त्यानं घड्याळ काढून दिलं. तिनं नखानं चावी ओढली.

"पुढे ठेवू की मागे?"

"बरोबर लावा. गोदामात कुणाला परत पाठवायचं नसतं."

सेकंदकाटा बारावर येईपर्यंत मावशी थांबली आणि तिनं चावी दाबली. तिची बोटं जराही हलत नव्हती. शेपूट त्या बोटांकडेच बघत होता. त्याला फार बरं वाटलं, आणि तळं राहून गेल्याचं वाईटही तेवढंच वाटलं. मग त्यानं घड्याळ मनगटावर चढवलं आणि वरच्या मंडळींसाठी चहाचं आधण ठेवायला गेला.