फाटक्या पानांचा वेल

“माणसाला प्यायला पानी न्हाई, अन् ह्या नवरदेवाला तिसरी आंघूळ!”

कडूबाईनं हे कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. हातातल्या केरसुणीलाच म्हटलं असेल. पण तहसील कचेरीतले जुने कारकून बन्सीधर मुन्शी दोन हातांच्या अंतरावर तांब्या घेऊन उभे होते आणि त्यांचे कान शाबूत होते. तांब्या तसाच कलता राहिला. पिंपाच्या बुडातून पाणी झिरपलं, फरशीवर आलं आणि झाडून गोळा केलेल्या धुळीचा चिखल झाला.

“जरा पुसून घे,” मुन्शी म्हणाले.

“घेते की. पुसायलाच तर जन्म हाय माझा.”

नवरदेव म्हणजे कचेरीतला वेल. निजामाच्या काळात इथे हैदराबादचे एक तहसीलदार होते, त्यांनी तो राकेलच्या डब्यात घालून आणला होता. तेव्हा त्याला चारदोन पानं होती, साधी, अखंड. मग तो खांबावर चढू लागला आणि एक दिवस चिरफाळलेलं पान उलगडलं. मुन्शी घाबरून साहेबांकडे गेले. साहेब हसून म्हणाले, जातच तशी असते, झाड सुखात असलं की पानं फाटतात. माणसाचं असं कुठे ऐकलं नव्हतं, पण मुन्शींनी मान डोलावली.

पोलीस ॲक्शननंतर साहेब बिऱ्हाड आवरून गेले. “मुन्शीजी, खयाल रखना,” एवढंच म्हणाले. वेलाबद्दल म्हणाले की कचेरीबद्दल, ते विचारायचं राहून गेलं. मुन्शींनी आपलं वेलाबद्दल धरलं. डब्यातून त्याला अर्ध्या कापलेल्या पिंपात हलवलं. लाकडी खांबाला काथ्या गुंडाळला, त्यावर रोज पाण्याचा हात फिरवला, म्हणजे वेलाची लोंबती मुळं त्यात शिरतात. पिंप खिडकीजवळ, पण ऊन अंगावर येणार नाही असं. सुपाएवढी पानं ओल्या फडक्यानं पुसायची. आणि पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसून बघायचं. बोटाला ओल लागली तर तांब्या परत. वेल आढ्याला लागला, तिथून वळून मिसलींच्या, म्हणजे बांधलेल्या सरकारी कागदांच्या, कपाटावर पसरला. खेड्यातून आलेले लोक विचारायचे, “किडीनं खाल्लं का हो?” मुन्शी शांतपणे सांगायचे, “न्हाई. जातच तशी.”

घरी नर्मदाबाई म्हणायच्या, “आपल्या तुळशीला कधी पळीभर घातलं न्हाई तुमी. अन् तिथं त्या रानटी झाडाचं तोंड पुसायला जाता.”

“तुळशीला तू हायस की.”

“अन् त्या झाडाला सरकार न्हाई का?”

सरकार होतं, पण ते सारखं बदलत होतं. निजामाचं गेलं, हैदराबाद राज्य आलं, तेही मोडलं आणि मराठवाडा मुंबईला जोडला गेला. मुन्शी त्याच खुर्चीवर होते. खुर्चीला काही वाटलं नाही. फक्त उजवीकडून उघडणाऱ्या उर्दू मिसली गेल्या आणि डावीकडून उघडणाऱ्या मराठी आल्या. आता सगळा कारभार आपल्या भाषेत म्हणून कचेरीत पेढे वाटले, तेव्हा मुन्शींनीही एक घेतला. मनापासून खाल्ला. आई मराठी, बायको मराठी, भांडण मराठी. शाळा तेवढी उर्दू. उर्दूत त्यांचं अक्षर असं, की जुने साहेब नुसतं बघायला कागद मागवायचे. बाळबोध अक्षरं ते ओळखत, देवळावरच्या पाट्या वाचत. पण एकाखाली एक ओळी लिहायच्या म्हणजे जोडाक्षरं आडवी येत, वेलांट्या भलतीकडे वळत.

कचेरीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं. मराठी कागद आला की मुन्शी तो शेजारच्या मेजावर सरकवत. तिथे राधाकिशन बसायचा, नवा कारकून, मोठा गुणी. संध्याकाळी कागद लिहून परत येई. दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. ज्यांना मराठी जमत नाही त्यांना घरी बसवणार, अशी मधूनमधून वार्ता येई. ती आली की राधाकिशन पावसापाण्याचं बोलू लागे.

कागद सरकवल्यावर मात्र मुन्शींना खुर्चीत बसवत नसे. ते उठत, तांब्या घेत आणि वेलाकडे जात. मराठी कागद वाढले तशा खेपा वाढल्या. बोट खुपसून बघणं त्यांनी कधी सोडलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खालची पानं पिवळी पडू लागली, पिंपाला कुबट वास येऊ लागला. कचेरीत त्यावरही कुणी बोललं नाही. एकटी कडूबाई कुरकुरायची, तीही पाण्यावरून.

आज राधाकिशन नव्हता. बोरीला बहिणीचं लग्न होतं. आणि मेजापुढे सूर्यभान नावाचा एक शेतकरी सकाळपासून उकिडवा बसला होता.

“मुन्शीजी, यांना रहिवासाचा दाखला लिहून द्या,” नवे तहसीलदार जाता जाता म्हणाले होते. पुण्याकडचे होते, सगळ्यांना अहोजाहो करायचे. “चार ओळींचं काम आहे.”

“जी साहेब.”

मुन्शींनी कोरा कागद घेतला, टाक बुडवला. टाक सवयीनं कागदाच्या उजव्या कडेला जाऊन टेकला आणि तिथेच शाईचा ठिपका पडला. त्यांनी दुसरा कागद घेतला. मग उठून तांब्या घेतला.

“मुन्शीजी,” सूर्यभान म्हणाला, “दुपारची मोटार हुकली तर मुक्काम पडतोय. पोराला परभनीच्या बोर्डिंगात घालायलोय. उद्याच्याला दाखला न्हाई दिला तर जागा दुसऱ्याला देतेत.”

“होतंय. जरा दम धरा.”

“दम धरायलोय की सकाळपासून. येवढं पानी माझ्या कापसाला भेटलं असतं, तर मी इथं उकिडवा कामून बसलो असतो?”

शिपाई वाल्मीक फिस्सकन हसला आणि लगेच गंभीर झाला. मुन्शी पाणी घालत राहिले. चिखल पसरत सूर्यभानच्या धोतरापर्यंत आला, तसा तो शिव्या गिळत उभा राहिला. त्याच वेळी तहसीलदार आतून बाहेर आले.

“हे काय? आणि ही पानं अशी का झालीत?”

“दिष्ट लागली, साहेब,” कडूबाई पुसता पुसता म्हणाली. “येनारा-जानारा टकमक बघतोय.”

“उन्हाळा लय कडक हाय, साहेब,” वाल्मीक म्हणाला.

साहेबांनी वाकून वास घेतला. “अहो, मुळं कुजलीत याची. वाल्मीक, सोडा तो काथ्या. पटांगणात नेऊन ठेवा. चार दिवस कडक ऊन मिळू दे.”

वाल्मीकनं मुन्शींकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि काथ्याला हात घातला. आत रुतलेली मुळं तटतट तुटू लागली. वरचं एक पान आढ्यापासून सुटून खाली लोंबलं.

“थांब रे,” मुन्शी म्हणाले. “उन्हात करपून जाईल. सावलीतलं हाय ते.”

“मग इथे सडू द्यायचं का?” साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “असो. यांचा दाखला झाला?”

मेजावर दोन कागद होते, एक कोरा, एक ठिपक्याचा. सूर्यभाननं आशेनं दोन्हीकडे बघितलं.

“मुन्शीजीचा हात दुखायलाय, साहेब,” कडूबाई खाली बघतच म्हणाली. “सकाळपासून. राधाकिशन आला की देतेत लिहून.”

तिनं आजवर मुन्शींची बाजू कधी घेतली नव्हती. मुन्शींनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी तांब्या खिडकीत ठेवला आणि ओला हात धोतराला पुसला.

“न्हाई, कडूबाई. हात चांगला हाय माझा.” ते साहेबांकडे वळले. “अन् वेलाला रोग न्हाई, साहेब. पाणी मी जास्त घालायलोय. मराठी कागद आला की उठून पाणी घालतो.”

“कागदाचा आणि पाण्याचा काय संबंध?”

वाल्मीकनं काथ्या सोडून दिला. कडूबाईचं फडकं थांबलं.

“मराठी बोलतो, साहेब,” मुन्शी म्हणाले. “लिहिता येत न्हाई.”