कपाटामागची भिंत

त्यानं भिंतीला तळहात लावला आणि झटकन मागे घेतला. कालचा रंग बोटांना चिकटून आला होता. तळघराच्या त्याच कोपऱ्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, ओल पुन्हा फुटली होती.

गवंड्यानं नखानं पोपडा उचकटला.

"पाणी घराच्या पायातून चढतंय, साहेब. बाहेरून खणावं लागेल. महिन्याचं काम आहे. आतून कितीही लिंपा, उपयोग नाही."

"बाई आज चार वाजता येतायत!"

गवंडी सिमेंटनं भरलेल्या हातानं थापी उचलून वर गेला.

बाई म्हणजे बालकल्याण खात्याच्या अधिकारी. बहीण जाऊन पाच महिने झाले होते. तिची तीन मुलं तीन परक्या घरांत ठेवलेली. थोरली दर रविवारी फोन करून एकच विचारायची, "मामा, खोली झाली का?" वर स्वयंपाकघर, चिंचोळी बैठक आणि नवराबायकोची झोपायची खोली, एवढंच घर. म्हणून जुन्या अडगळीच्या तळघरात त्यानं फरशी घातली, खिडकी मोठी केली, तीन छोटे पलंग ठोकले. बायकोचे गुडघे गेलेले, ती क्वचितच खाली उतरे.

त्यानं एकट्यानं कपाट ढकलत कोपऱ्यात आणलं. ओल झाकली गेली.

चार वाजता बाई आल्या. मागून कठडा धरून, एकेक पायरी उतरत, बायकोही आली. बाईंनी खिडकी उघडून पाहिली, पलंग हलवून पाहिला. मग थबकल्या.

"हे कपाट जरा सरकवता?"

"फार जड आहे हो ते."

"सरकवा," बायको म्हणाली. "बघू द्या त्यांना."

कपाट सरकलं. बाईंनी भिंतीवरून बोट फिरवलं.

"इथं मुलांना झोपवता येणार नाही."

"आठ दिवस द्या. हवं तर हातानं खणतो, पण तिघांना पुन्हा..."

"मुलं वर झोपतील, आमच्या खोलीत," बायको म्हणाली. "इथं आम्ही दोघं."

त्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. ती पायऱ्यांकडे वळली होती.

वर खोलीत जमिनीवर तीन गाद्या घातलेल्या होत्या. खुंट्या मोकळ्या. त्यांचा पलंग सुटा करून भिंतीला टेकवलेला, आणि फळ्यांवर ओल्या सिमेंटच्या बोटांचे ठसे.

"हे कधी ठरलं तुमचं?" बाईंनी त्याला विचारलं.

"आधीच," तो म्हणाला.

बायको सरळच असलेली चादर पुन्हा सरळ करत होती.

बाई कागदावर बराच वेळ लिहीत राहिल्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, "धाकटा अंधाराला घाबरतो. दिव्याचं बटण झोपल्या झोपल्या त्याच्या हाताला येईल ना?"

तो कडेच्या गादीवर आडवा झाला आणि हात लांब करून बघू लागला.