घेणाऱ्याचं नाव

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. छायाने नेहमीप्रमाणे पहाटेच घट मांडला. पाच झाडांची पानं कॅनडाच्या थंडीत कुठून मिळणार? कुंडीतली तुळस, मनीप्लँट, कढीपत्ता, शेजारणीच्या जास्वंदीची दोन पानं आणि फ्रीझरमधली आंब्याची डहाळी, एवढ्यावर देवी दरवर्षी भागवून घ्यायची. दिवसभर उपास, खोटं बोलायचं नाही, कुणाचं फुकट घ्यायचं नाही, आवाज चढवायचा नाही. असे तिचे नेम. किचनरच्या मराठी मंडळात छाया म्हटलं की बायका म्हणायच्या, "अगदी तुपासारखी बाई."

नोकरीला ती तासाभराच्या अंतरावर, शेतांच्या मधोमध वसलेल्या एका काउंटीच्या वाचनालयात जायची. काउंटर सांभाळायचं, पुस्तकं लावायची आणि तळघरातले जुने कागद कुणाला हवे असतील तर काढून द्यायचे.

त्या सकाळी तिथं फोन वाजला. अरुणावहिनी. मंडळात त्यांच्या शब्दाबाहेर हळदीकुंकूसुद्धा होत नसे.

"छाया, तुझ्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही गं. आमच्या निमिषचं त्या अबोली नेवगीशी ठरतंय, अंगठीही देऊन बसलाय, माहीत आहे ना? मला त्या घराचा संशय येतोय. चांगलं चालतं मोटेल कुणी असं एकाएकी विकतं का? दिवाळं काढलंय त्यांनी. पैसे भरून सरकारी रेकॉर्ड शोधलं, तर राजन नेवगी नावाचा माणूसच नाही म्हणे त्यात."

"मग नसेलही तसं काही, वहिनी."

"नसेल कसं? निमिष म्हणतो, मॉम, प्रूफ दाखव, उगाच गॉसिप नको. दाखवते की प्रूफ! मोटेल तुझ्याच काउंटीत होतं. जुनी वर्तमानपत्रं चाळ जरा. आणि हो, पुढच्या गुरुवारी माझ्याकडे कहाणी तूच वाचायचीस हं. चौरंगाशेजारी बसून."

राजन नेवगी नावाचा माणूस रेकॉर्डमध्ये का सापडत नाही, हे त्या क्षणी छायाला लख्ख कळलं होतं.

तीन वर्षांपूर्वी, २०१५च्या फेब्रुवारीत ती कामावरून परतताना बर्फाच्या वादळात सापडली होती. रस्ते बंद. गाडी खड्ड्यात. समोर एक मोटेल दिसलं आणि दार उघडणारी बाई मराठी निघाली. शोभाताई. दोन रात्री त्यांनी तिला ठेवून घेतलं. सोमवारचा उपास म्हटल्यावर साबुदाण्याची खिचडी केली, स्वतः दाणे भाजून, कुटून. राजनरावांनी फावड्याने बर्फ शोव्हल करून तिची गाडी बाहेर काढली. पैसे विचारले तर म्हणाले, "माहेरवाशिणीकडून भाडं घेतात होय?" तेव्हाच काउंटरमागे टांगलेला परवाना तिने वाचला होता. राजाराम विठोबा नेवगी. "अय्या, तुमचं नाव राजाराम?" यावर शोभाताई हसल्या होत्या, "ते सरकारला. राजन मला."

आता छायापुढे दोन वाटा होत्या. 'काही सापडलं नाही' असं सांगता आलं असतं. पण तिच्या मनाने शहाणपणाची गोष्ट काढली. कागद सार्वजनिक आहे. मागेल त्याला द्यायचा, हे तर आपलं काम. आणि खरं ते खरं, गुरुवारी खोटं कसं बोलू? या सगळ्या पुण्याईच्या तळाशी चौरंगाशेजारची ती जागा होती. तिच्याकडे मात्र तिने पाहिलं नाही.

दुपारी ती तळघरात उतरली. काउंटीच्या साप्ताहिकाचे २०१५चे अंक काढले. जुलैच्या एका अंकात, जुन्या ट्रॅक्टरचा लिलाव आणि बटर टार्टची स्पर्धा यांच्यामध्ये, बोटभर चौकट होती: राजाराम विठोबा नेवगी यांच्या दिवाळखोरीची जाहीर सूचना. हे पूर्ण नाव घातल्याबरोबर सरकारी रेकॉर्डही निघालं. तिने दोन्हींची प्रिंट काढली आणि प्रिंटचे पैसे स्वतःच्या पर्समधून गल्ल्यात टाकले. फुकटचं काही घ्यायचं नाही ना!

तिसऱ्या गुरुवारी अरुणावहिनींच्या घरी अकरा बायका जमल्या. दारात बर्फाळ बुटांची रांग लागली, दिवाणखान्यात उदबत्तीचा वास. शोभाताई अबोलीला घेऊन तास-सव्वा तास गाडी चालवत आल्या होत्या. हातात डबा. "नारळाच्या वड्या आहेत, वहिनी. निमिषना आवडतात म्हणाली अबोली."

"ठेवा तिकडे," अरुणावहिनी म्हणाल्या.

ओट्या भरायला सुरुवात झाली. खण, नारळ, मूठभर तांदूळ. एकेक पदर पुढे होत होता. शोभाताईंनी पदर पसरला आणि अरुणावहिनी त्यांना ओलांडून पुढच्या बाईपाशी गेल्या.

"अहो वहिनी, शोभाताई राहिल्या," कुणीतरी म्हणालं.

"राहिल्या नाहीत. ठेवल्या."

कुणाला काही उमगेना. अरुणावहिनींनी पूजेच्या तबकाखालून कागद काढला. "ज्या घरातून लक्ष्मी सरकारी शिक्क्यानिशी बाहेर पडली, तिथल्या बाईची ओटी मी कशी भरू? माझं व्रत आहे बाई."

कागद हातोहात फिरला. ज्या ज्या बाईने वाचला, तिच्या बोटाची हळद त्याला लागली. "बाई गं!" "आणि तोंडावर काही दिसत नाही हो!" शोभाताईंचा पदर अजून तसाच पसरलेला होता. तो गोळा करायचा असतो, हेच जणू त्या विसरल्या होत्या.

जिन्यावर निमिष उभा होता. अबोली उठून त्याच्याकडे गेली. "बोल ना काहीतरी."

"हे बघ, इट्स नॉट अबाउट मनी. तुम्ही लपवलंत. दॅट्स द इश्यू."

"तू मला विचारलं होतंस कधी?"

तो फोनकडे बघत राहिला.

शोभाताईंनी कागद हातात घेतला. नावावरून बोट फिरवलं. "राजाराम," त्या हळूच म्हणाल्या. "हे नाव इथं कुणालाच ठाऊक नाही." मग त्यांनी मान वर केली. चौरंगाशेजारी कहाणीची पोथी मांडीवर घेऊन छाया बसली होती.

"त्या दिवशी खिचडीत मीठ बरोबर पडलं होतं ना गं, छाया?"

छायाने मांडीवरच्या पोथीची दोरी सरळ केली.

"असू दे. वहिनी, या कागदात देणं कुणाचं ते लिहिलंय. घेणाऱ्याचं नाव नाही. ते मी सांगते. आमच्या थोरल्या उल्काचं लग्न ठरलं, पत्रिका वाटून झाल्या, हॉलचे पैसे भरले, आणि मग निरोप आला की नवऱ्यामुलाला मिसिसागाच्या घराचं डाउन पेमेंट कमी पडतंय. मोटेल गहाण पडलं ते तेव्हा. निरोप कोण घेऊन आलं होतं, वहिनी? मुलगा तुमच्याच आतेभावाचा ना?"

बायका अरुणावहिनींकडे बघू लागल्या. पण त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही.

"ती भेट होती. खुशीनं दिलीत तुम्ही. ऐपत नव्हती तर द्यायची नाही." आणि मान वळवून, "छाया, कहाणी वाच. नैवेद्य थंड होतोय."

मायलेकी बूट घालू लागल्या. अबोलीच्या बुटाची चेन अडकली होती, ती ओढताना तिला हुंदका आला. एकही बाई उठली नाही. छायाने पोथी उघडली आणि वाचायला लागली. आवाज स्वच्छ, शांत, सवयीचा. माजलेल्या राणीने दारी आलेल्या म्हातारीला हाकलून दिलं, म्हातारीच्या वेषात प्रत्यक्ष देवी होती, इथपर्यंत ती आली आणि बाहेरचं दार लागल्याचा आवाज झाला. सगळ्या बायकांनी भक्तिभावाने हात जोडले होते.

घरी आल्यावर छायाने घडलेलं सांगितलं, तेव्हा तिच्या चौदा वर्षांच्या लेकीने, अवंतिकाने विचारलं, "आई, बट हू टुक द मनी? व्हाय आर दे ओके?"

छाया देवघरात गेली. त्या आठवड्यात तिने रोज पूजा केली आणि रोज हात जोडताना तिला पसरलेला तो पदर दिसला.

चौथ्या गुरुवारी सकाळी पुन्हा फोन. "छाया, तिकडच्या सरे शहरातलं स्थळ आलंय निमिषला. मुलीच्या बापाचं पूर्ण नाव लिहून घे."

"नाही, वहिनी."

"काय नाही?"

"मी शोधणार नाही. शोधायचं तर आधी तुमच्या आतेभावाच्या मुलाचं घर कुणाच्या जिवावर उभं राहिलं ते शोधू. कुठल्या कार्यालयात मिळतो तो कागद, सांगा. आणि या सरेच्या मुलीकडून तुम्ही काय घेणार, तेही लिहून द्या. मी मंडळात वाचून दाखवीन. कहाणीच्या आधी."

"उपासानं डोकं फिरलंय तुझं. यापुढे माझ्या घरी पाय ठेवू नकोस."

"बरं," छाया म्हणाली. आवाज तिने आजही चढवला नव्हता.

संध्याकाळी कामावरून निघताना खण, नारळ, तांदूळ तबकात घेऊन ती त्याच गावातल्या लॉन्ड्रीच्या वरच्या खोल्यांकडे गेली. नेवगी आता तिथं राहत होते. बर्फ भुरभुरत होता. शोभाताईंनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"शोभाताई, ओटी भरायला आलेय."

"अबोली गेली टोरोंटोला. निमिषनं अंगठी कुरिअरनं मागवून घेतली. पाठवण्याचा खर्च आमचा."

"मला क्षमा…"

"क्षमा देवीकडे माग. ती ऐकून घेते. मला कामाला जायचंय. आणि आज माझाही गुरुवार आहे गं, उपाशीपोटी वाईट बोलायला नको." दार लागलं. आत साखळी नीट बसल्याचा आवाज आला.

छायाने तबक उंबऱ्याशी ठेवलं आणि खाली आली. तिच्या गाडीच्या चाकांभोवती बर्फ साचला होता. गॅस स्टेशनचं जाकीट घातलेला एक माणूस वाकून शोव्हल करत होता. राजनराव. पूर्वीसारखेच, मुकाट्याने, एकेक चाक मोकळं करत. छाया पुढे झाली, "राहू द्या, भाऊ, मी करते," पण त्यांनी मान वर केली नाही.

शेवटचं चाक मोकळं झालं. फावडं भिंतीला टेकवून ते जिन्याकडे वळले आणि पाठमोरेच म्हणाले, "निघा. वाट मोकळी आहे."